आमवातात हाडाचा खड्डा भरून का येत नाही?

तासगावहून एका विद्यार्थ्याने विचारले आहे की, त्याच्या आईंना सहा वर्षांपासून रूमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास आमवात म्हणतात तो आजार आहे. गोळ्या चालू आहेत, सूज पूर्वीपेक्षा बरीच कमी आहे, कॅल्शियम एक दिवसही चुकलेले नाही, तरीही नुकत्याच काढलेल्या हाताच्या एक्स-रेत हाडाचे जुने खड्डे जसेच्या तसे आहेत आणि एक नवा दिसतो आहे. तो स्वतः फार्मसी शिकत असल्यामुळे त्याने पुढे असेही विचारले आहे की, रोगप्रतिकारक पेशी हाड खायला लावतात एवढे पुस्तकात आहे, पण त्या नवे हाड तयार होणेही थांबवतात का, आणि थांबवत असतील तर ते पुन्हा सुरू होते का.

थांबवतात, आणि पुन्हा सुरूही होऊ शकते. मात्र त्यासाठीची अट आपण समजतो त्यापेक्षा कडक आहे. सांगली-मिरजेत मी गेली बावीस वर्षे सांधेविकाराचेच रुग्ण पाहतो, आणि कबूल करायला हरकत नाही की त्यांतली पहिली कित्येक वर्षे मीही रुग्णांना अर्धीच गोष्ट सांगत होतो. ‘आजार हाड खातो, म्हणून औषध घ्या’ ही ती अर्धी गोष्ट. खाल्लेल्या जागी हाड बांधणारे कारागीर हजर असूनही कामाला हात लावत नाहीत, ही उरलेली अर्धी गोष्ट मला स्वतःलाच उशिरा नीट कळली, आणि तुमच्या आईंच्या एक्स-रेचे उत्तर या दुसऱ्या अर्ध्यातच आहे.

आधी निरोगी हाडाचे पाहू. हाड ही घडवून ठेवलेली मूर्ती नव्हे; मोठ्या माणसाच्या सांगाड्यातला साधारण दहावा हिस्सा दरवर्षी जुना निघून नवा येतो. जुने हाड विरघळवून काढणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, मराठी पुस्तकांत अस्थिभंजक; नवे हाड रचणाऱ्या त्या ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे अस्थिजनक. या दोघींची कुळे वेगळी आहेत, आणि पुढचे सगळे समजायला हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. भंजक पेशी रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या घराण्यातून येते, म्हणजे ती मुळात प्रतिकारशक्तीचीच भाऊबंद आहे. जनक पेशी मज्जेतल्या ज्या मूळ पेशींपासून चरबी आणि कूर्चाही तयार होतात त्यांच्यातून घडते. त्यातही दोघींच्या कामाचा वेग विषम आहे: एका जागचे हाड काढायला दोन-तीन आठवडे पुरतात, तीच जागा भरायला तीन-चार महिने लागतात. निरोगी शरीरात हा हिशेब जमतो, कारण जिथे काढले तिथेच बांधणाऱ्यांना बोलावणे जाते. आमवातात हे बोलावणेच बिघडते.

खाण्याची बाजू आता चांगली माहीत झाली आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. १९७२ साली अमेरिकेतल्या संशोधकांना दिसले की, पांढऱ्या पेशी ज्या द्रवात वाढवल्या त्या द्रवानेच हाड विरघळू लागते. पेशी हाडाला टेकण्याचीही गरज पडत नाही. त्या द्रवात काय आहे याचा शोध पुढे पंचवीस वर्षे चालला. १९९७-९८ मध्ये त्यातली मुख्य जोडी सापडली: भंजक पेशीला ‘तयार हो’ असे सांगणारा रँक-लिगँड, आणि त्याला वाटेतच अडवणारा ऑस्टिओप्रोटेगेरिन. १९९९ मध्ये संधिवात झालेल्या उंदरांत दिसले की चेतवलेल्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) हा रँक-लिगँड स्वतः तयार करतात, आणि त्याला अडवले तर सूज तशीच राहूनही हाड वाचते. २००० साली या साऱ्या अभ्यासाला ‘ऑस्टिओइम्युनॉलॉजी’ हे नाव मिळाले. रँक-लिगँड सर्वांत जास्त कोण पुरवते, याविषयीचे मत नंतर बदलले. सांध्याच्या सुजलेल्या अस्तरातल्या फायब्रोब्लास्ट पेशींकडे आता मुख्य बोट जाते, आणि १७ क्रमांकाचे इंटरल्यूकिन (प्रतिकारपेशींचे निरोप्या रसायन) सोडणाऱ्या टी पेशी त्यांना चिथावणी देतात.

इथपर्यंत पुस्तकात असते. आता जे असायला हवे ते.

एक्स-रे पुन्हा हातात घ्या. खड्डा कुठे आहे पाहा: बहुधा तर्जनीच्या किंवा मधल्या बोटाच्या मुळाशी, मूठ वळल्यावर जो उंचवटा येतो त्याच्या बाजूला. हाडाच्या टोकावर कूर्चेची टोपी असते. ती जिथे संपते आणि सांध्याचे अस्तर जिथे सुरू होते, त्या दोहोंमध्ये हाडाची एक अरुंद पट्टी उघडी राहते. सुजलेले अस्तर पहिल्यांदा तिथेच हाडाला भिडते आणि पोखरणी तिथूनच सुरू होते. फिल्म उजेडासमोर धरली की ती जागा उंदराने भाकरीची कड कुरतडावी तशी दिसते. आता त्या कडेची रेघ निरखा. साध्या मोडलेल्या हाडाच्या आसपास काही आठवड्यांत पांढुरकी, ढगासारखी भर दिसू लागते, कारण तिथे बांधणारे धावून आलेले असतात. आमवाताच्या खड्ड्याची कड वर्षानुवर्षे फाटकी, धूसर आणि उघडी राहते. ना भर, ना पांढरी किनार. ही मंडळी गेली कुठे, हा प्रश्न मला पूर्वीच पडायला हवा होता.

ती गेलेली नसतात. २००९ मध्ये संधिवात केलेल्या उंदरांच्या हाडांचे बारीक काप काढून, नव्या हाडात मुरणाऱ्या चमकदार रंगाच्या दोन रेघांमधले अंतर मोजून, हाड किती वेगाने बसते आहे याचा हिशेब करण्यात आला. पोखरलेल्या जागी जनक पेशींची कोवळी पिल्ले भरपूर होती, पण पूर्ण वाढ होऊन हाड रचणाऱ्या पेशी थोड्याच होत्या. शेजारी एवढी तोडफोड चालू असताना भरणीचा वेग वाढायला हवा होता. तो वाढलेला नव्हता. मजूर अड्ड्यावर गोळा झालेले आहेत, पण मुकादम कामावर घेत नाही, असा हा प्रकार आहे.

हा मुकादम म्हणजे प्रतिकारपेशी आणि त्यांनी सोडलेली रसायने. त्यांत पहिला मान टीएनएफ या रसायनाचा, जे प्रामुख्याने मॅक्रोफेज या भक्षक पांढऱ्या पेशी सोडतात. जनक पेशीला प्रौढ व्हायला आतले दोन कळीचे घटक लागतात, रंक्स-२ आणि ऑस्टेरिक्स; टीएनएफ या दोघांनाही दाबते, त्यामुळे पेशी अर्धवट वयात अडकून पडते. त्याखेरीज ते अस्तरातल्या पेशींकडून डीकेके-१ नावाचे प्रथिन तयार करून घेते. हाड बांधण्याचा आदेश ज्या वाटेने पोचतो तिला ‘डब्ल्यूएनटी’ मार्ग म्हणतात, आणि डीकेके-१ हा त्या वाटेवरचा नाका आहे. २००७ मध्ये टीएनएफ जास्त बनवणाऱ्या उंदरांत हे डीकेके-१ प्रतिपिंडाने अडवले, तेव्हा जे घडले ते आजही मला चकित करते: हाड खाण्याचा प्रकार थांबला आणि त्याच सांध्यांच्या कडेला नवे हाड वाढू लागले. सूज मात्र होती तशीच राहिली. म्हणजे सूज तीच असूनही वाटेवरचा एक नाका उघडला की हाडाची दिशा फिरते.

इथे बरेच विद्यार्थी विचारतात की, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या पाठीच्या सांधेविकारातही सूज असते, मग तिथे पाठीचे मणके नव्या हाडाने एकमेकांना जोडले कसे जातात? प्रश्न अगदी योग्य आहे. डीकेके-१ चे प्रमाण आमवाताच्या रुग्णांच्या रक्तात वाढलेले आणि स्पाँडिलायटिसमध्ये कमी, असे त्याच अभ्यासात दिसले होते. एवढ्यावर सगळा फरक उलगडत नाही. स्पाँडिलायटिसची सूज स्नायुबंध हाडाला जिथे चिकटतो तिथे असते, आमवाताची अस्तरात, आणि जागेने खूप फरक पडतो. पण ‘सूज म्हणजे हाडाचा नाश’ असे सरळ समीकरण मांडता येत नाही, हे या दोन आजारांवरून नक्की कळते. आपल्या बाह्यरुग्ण विभागात हे दोन्ही रुग्ण एकाच बाकावर बसलेले असतात: एकीच्या बोटांतले हाड जाते आहे आणि शेजारच्या तरुणाच्या पाठीत नको तिथे येते आहे.

आता बी पेशींकडे, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींकडे येतो. यांचे नाव निघाले की आपल्याला प्रतिपिंडे आठवतात, आमवाताच्या रक्ततपासणीत शोधतात ती रूमेटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी आठवतात, आणि तेवढ्यावरच आपण थांबतो. २०१८ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका कामाने बी पेशींचा आणखी एक उद्योग दाखवला. कूर्चेखालच्या हाडालगत आणि मज्जेच्या पोकळीच्या आतल्या कडेला, म्हणजे नेमके जिथे जनक पेशींनी रांग लावून काम करायचे तिथे, बी पेशींचे घोळके बसलेले होते. उंदरांतही आणि आमवाताच्या रुग्णांच्या हाडांतही. जिथे घोळका, तिथे जनक पेशी कमी. या बी पेशी टीएनएफ आणि सीसीएल-३ अशी दोन रसायने सोडत होत्या, आणि ती दोन्ही अडवल्यावर जनक पेशींची वाढ पूर्ववत होत होती. उंदरांतल्या बी पेशी काढून टाकल्यावर हाड बनणेही सुधारले. मला या कामात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते ठिकाण. आपण बाहेरून सांधा दाबून सूज मोजतो, ती अस्तराची. हा घोळका मात्र हाडाच्या आतल्या अंगाला, आपल्या बोटांना कधीच न लागणाऱ्या जागी असतो. तुमच्या आईंची बोटे दिसायला बरी असताना आत काम बंद असू शकते, यात आता आश्चर्य वाटायला नको.

टी पेशींबद्दल एवढे स्पष्ट बोलता येत नाही. त्यांचे एक कुळ भंजकांना चिथावते, दुसरे कुळ, ज्याला नियामक टी पेशी म्हणतात, भंजकांना आवर घालते. १७ क्रमांकाचे इंटरल्यूकिन जनक पेशींना काही परिस्थितीत मागे ओढते आणि काही परिस्थितीत पुढे ढकलते. प्रयोगाच्या बशीत आलेला निकाल सांध्यात जसाच्या तसा लागू पडत नाही, म्हणून याबाबत मी विद्यार्थ्यांना ठाम वाक्य पाठ करू देत नाही.

हाडाच्या आत गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट पेशींचाही उल्लेख करायला हवा, कारण त्यांच्यावरून एक मोठा धडा मिळाला. त्या स्क्लेरोस्टिन सोडतात आणि तेही बांधकामाला लगामच घालते. रोमोसोझुमॅब हे स्क्लेरोस्टिन अडवणारे इंजेक्शन हाडांच्या ठिसूळपणासाठी अमेरिकेत २०१९ पासून मान्य आहे. मग तेच आमवाताच्या खड्ड्यांना का वापरू नये? कारण टीएनएफमुळे संधिवात झालेल्या उंदरांत स्क्लेरोस्टिन काढून घेतल्यावर सांध्यांची नासधूस वाढली. तिथे ते टीएनएफला थोडे आवरतही होते. २०१६ च्या या निष्कर्षानंतर मी ‘लगाम काढा म्हणजे घोडा धावेल’ अशा सोप्या युक्तिवादांपासून लांब राहतो.

आता कॅल्शियम. सांगलीकरांना मी याचे उत्तर पुराच्या भाषेत देतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले, आणि ते ओसरल्यावर ज्यांनी घाईघाईने भिंतींना गिलावा करून घेतला त्यांच्याकडे पुढच्या वर्षी तो पापुद्र्यांनी सुटून आला. सिमेंट चांगले होते, गवंडीही चांगला होता. भिंतीत ओल होती. कॅल्शियम हा तुमचा सिमेंटचा माल आहे. तो घरात नसेल तर बांधकाम होणारच नाही, हे खरे; पण माल दारात आणून टाकल्याने ओल जात नाही. आमवातातली ओल म्हणजे टीएनएफ, सहाव्या क्रमांकाचे इंटरल्यूकिन, डीकेके-१ आणि हाडालगतचे ते घोळके. म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू ठेवा, रोज अन्नासह एकूण हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम पुरे, आणि त्यातले जमेल तेवढे अन्नातूनच घ्या; शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते. पण गोळ्या दुप्पट केल्याने खड्डा भरेल, ही आशा सोडून द्या. हळदीबद्दल तर रोज कोणी ना कोणी विचारतेच, गावच हळदीचे असल्यामुळे. प्रयोगशाळेत कर्क्युमिन टीएनएफला दाबते हे खरे आहे; मात्र पोटातून ते रक्तात फारच थोडे उतरते. भाजीत जितकी घालता तितकी घाला, तिच्या भरवशावर मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे मुख्य औषध बंद करू नका.

जी ‘पुडी’ घेऊन लोक दोन दिवसांत बरे होतात तिच्याविषयीही सांगतो, कारण जनक पेशींची सर्वांत मोठी वैरीण मला आपल्या भागात तीच दिसते. काही वर्षांपूर्वी कवठेमहांकाळ भागातल्या एक बाई आल्या होत्या. बेदाण्याच्या शेडवर निवडणीचे काम करायच्या. पहाटे बोटे उघडायला तासभर लागायचा, चिमटीत बेदाणा धरता येत नसे, म्हणून तळहाताने रेटून दाणे बाजूला करायच्या. कोणीतरी दिलेल्या पुड्यांनी त्यांची सूज तिसऱ्या दिवशी उतरली होती, आणि त्या पुढे तीन वर्षे पुड्याच घेत राहिल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा चेहरा गोल झालेला, दंडाची कातडी कागदासारखी, रक्तदाब वाढलेला, आणि पाठीचा एक मणका कशाचेही निमित्त नसताना दबलेला. पुडीत काय होते हे शरीरच सांगत होते: स्टेरॉइड. स्टेरॉइड सूज झपाट्याने उतरवते, पण जास्त मात्रेत आणि दीर्घ काळ घेतले तर जनक पेशींना घडू देत नाही, घडलेल्यांना लवकर मारते आणि ऑस्टिओसाइटही मारते. म्हणजे आजाराने बंद पाडलेल्या कामावर औषधाने आणखी एक कुलूप घातले. डॉक्टरांनी सुरुवातीच्या काही आठवड्यांसाठी अल्प मात्रेत दिलेल्या प्रेडनिसोलोनला मी विरोध करत नाही, मीही ते देतो. मात्र ते उतरवत नेण्याची तारीख पहिल्याच दिवशी कागदावर लिहितो. आणि कोणी बराच काळ घेत असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नये, त्यात जिवाला धोका असतो.

तुमच्या आईंनी अशी पुडी कधी घेतली आहे का, हे त्यांना एकट्यात, न रागावता विचारा. डॉक्टरांसमोर बऱ्याच जणी सांगत नाहीत.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे: थांबलेले बांधकाम पुन्हा सुरू होते का? उंदरांत हे स्पष्ट दिसले आहे. ज्या प्रकारच्या संधिवातात सूज काही काळाने आपोआप ओसरते, त्यात सूज गेल्यावर जनक पेशी प्रौढ होतात आणि खड्डे भरू लागतात. २०१२ मध्ये हे नीट मोजून दाखवले गेले. माणसांत चित्र अधिक कंजूष आहे. अतिसूक्ष्म सीटी स्कॅनने पाहिले असता टीएनएफरोधक औषधांवर असलेल्या काही रुग्णांत खड्ड्याच्या तळाशी घट्ट पांढरा थर आणि थोडी भर दिसली, आणि इंटरल्यूकिन-६ रोखणाऱ्या टोसिलिझुमॅबवरही तसे आढळले. पूर्ण बुजलेला खड्डा मात्र विरळा. टोफासिटिनिब, बॅरिसिटिनिब या जॅकरोधक गोळ्यांविषयी २०२० मध्ये दाखवले गेले की त्या जनक पेशींच्या कामाला थेट उभारी देतात. पण हा पुरावा बराचसा उंदरांतला आणि पेशींतला आहे, आणि या गोळ्यांना नागीण, हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या असे धोके जोडलेले असल्याने केवळ हाडासाठी मी त्या कोणालाही देत नाही.

डेनोसुमॅबबद्दल तुम्ही नक्कीच वाचले असेल. ते रँक-लिगँडलाच अडवते, सहा महिन्यांतून एकदा त्वचेखाली देतात, आणि आमवातात नवे खड्डे पडणे कमी करते. जपानमध्ये २०१७ पासून त्याला या कारणासाठी मान्यताही आहे. पण ते सूज कमी करत नाही, कूर्चेची झीज थांबवत नाही, आणि मध्येच बंद केले तर भंजक पेशी उसळून मणके मोडू शकतात. खाणाऱ्यांना आवरणे आणि बांधणाऱ्यांना मोकळे करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या औषधाने मला सर्वांत चांगले शिकवले.

म्हणजे अट अशी ठरते: सूज ‘बरीच कमी’ होऊन भागत नाही, ती जवळजवळ नाहीशी व्हावी लागते, आणि तशी कित्येक महिने राहावी लागते, कारण भरणीला मुळातच काढणीपेक्षा कितीतरी पट वेळ लागतो. वर्षातून चार वेळा दोन-दोन आठवड्यांचे ‘भडके’ येत असतील, तर प्रत्येक भडक्यात खाणाऱ्यांचा एक फेरा पूर्ण होतो आणि बांधणाऱ्यांचा एकही होत नाही. तुमच्या पत्रात ‘कधीमधी दुखते तेव्हा एक-दोन दिवस जास्तीची गोळी घेते’ असे एक वाक्य आहे. नवा खड्डा मला त्या वाक्यात दिसतो.

आईंच्या डॉक्टरांशी बोलताना आता चार गोष्टी विचारा. मेथोट्रेक्सेटची मात्रा पुरेशी आहे का, आणि ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घेतली जाते ना. रोज घेण्याची चूक जीवघेणी ठरते. सुजलेले आणि दुखरे सांधे मोजून, ईएसआर किंवा सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांसह, आजाराचा आकडा दर तीन महिन्यांनी काढला जातो का. नुसते ‘बरे आहे’ हे उत्तर पुरत नाही. नवा खड्डा पडला असताना दुसरे औषध जोडायचे किंवा टीएनएफरोधकांसारखे जैविक औषध सुरू करायचे का. ते सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची आणि काविळीची तपासणी झालीच पाहिजे, आपल्याकडे हे टाळून चालत नाही. आणि पाळी गेलेली असेल तर पाठीच्या व खुब्याच्या हाडांची डेक्सा, म्हणजे घनता मोजणारी तपासणी केव्हा करायची, कारण ही सगळी रसायने रक्तातून साऱ्या सांगाड्यापर्यंत पोचतात आणि बोटांतल्या खड्ड्याइतकाच खुब्यातला ठिसूळपणाही याच आजाराचा असतो. अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असलेल्यांत तर सांधे सुजण्याआधीच हाडात विरळपणा आढळलेला आहे.

बेदाण्याच्या शेडवरच्या त्या बाई अजून येतात. पुड्या सुटायला वर्ष गेले, पुढची दोन वर्षे दोन औषधे मिळून आजार जवळजवळ शून्यावर राहिला. गेल्या वर्षीची फिल्म मी तिच्या पाच वर्षांपूर्वीच्या भावंडाशेजारी लावली, तेव्हा तर्जनीच्या मुळाशी असलेला खड्डा तेवढाच होता. पण त्याची पूर्वीची फाटकी कड आता गुळगुळीत झाली होती आणि तळाशी पेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक पांढरी रेघ होती. मला त्या रेघेचा जितका आनंद झाला तितका त्यांना झाला नाही, कारण बोट थोडे वाकडेच राहिले आहे. चिमटीत दाणा मात्र धरता येतो.

ही रेघ दिसायला दोन्ही फिल्म लागतात. म्हणून पुढच्या वेळी केवळ नवा एक्स-रे नेऊ नका. मागच्या सगळ्या फिल्म तारखेप्रमाणे लावून न्या, आणि हातांबरोबर पायांचाही एक काढून घ्या, कारण पायाच्या करंगळीच्या मुळाशी खड्डा बरेचदा हाताच्या आधी पडतो. पुरात कितीतरी जणांच्या फिल्म चिकटून वाया गेल्या. तुमचे घर नदीपासून लांब असले तरी प्रत्येक फिल्म दिवसाच्या उजेडात खिडकीच्या काचेला लावून तिचा सरळ समोरून मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कोपऱ्यातली तारीख दिसेल असा.